सातव्या वळणावरची राखणदार

मी, श्रीमती वत्सलाबाई चुनीलाल बोरसे, वय ६६, निवृत्त शिक्षिका, राहणार नंदुरबार, पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे तर माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांची डोकी तपासली, आता माझेही तपासून झाले. येत्या मंगळवारी सुरतेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तरी त्यांनी माझ्या पाच सह्या घेतल्या, म्हणून मीही एक कागद करून ठेवते.

मला दोन अपत्ये. मुलगा योगेंद्र माझ्याजवळ राहतो. मुलगी रिना लग्न होऊन सुरतेला असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नंदुरबारचे राहते घर योगेंद्र आणि सून नूतन या दोघांच्या नावे समान हिश्श्याने करावे. नूतनचे नाव मी मुद्दाम घातले आहे. माझे नाव या घराच्या कागदावर यायला नवरा मरावा लागला. माझ्या पाटल्याही नूतनच्याच.

कलम २. कपाटात सत्कारांत मिळालेल्या सात शाली आहेत. त्या आमच्या गावच्या साहित्यमंडळाच्या अध्यक्षांना पुढच्या सत्कारांसाठी द्याव्यात. माझी गोष्ट उथळ आहे, पोरांच्या मोबाइलवरच्या खेळासारखी आहे, असे ते माईकवरून बोलले होते आणि मी तीन वर्षे त्यांच्याकडे पाहून हसले नाही. राग अजून गेलेला नाही. पण त्या शाली माझ्या नव्हेत, हेही तितकेच खरे. का, ते कलम ३ मध्ये येते.

कलम ३. माझी खरी मिळकत म्हणजे 'घाटवाट' ही मोबाइलवर क्रमशः प्रसिद्ध होणारी गोष्ट. तिचे एकशे बारा भाग झाले आहेत. माझे वकील रूपचंद यांनी आमच्या अहिराणीत विचारले, "मावशी, हाई काय शे? गोट शे का गेम शे?" दोन्ही आहे. म्हणून इथे समजावून लिहिते.

या गोष्टीत नायिका एका खेळाच्या आत सापडते आणि तिला नंदुरबार स्टेशनापासून तोरणमाळपर्यंत चढत जायचे असते. वाचता वाचता मध्येच चौकट येते. पातळी चार, प्राण साठ, नवीन कौशल्य मिळाले, असे तीत लिहिलेले असते. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांमधून जाताना दर मिनिटाला दोन प्राण कमी होतात, तोंडावर ओला रुमाल असेल तर एकच. घाटाला सात वळणे आणि दर वळणावर एक राखणदार. शिवाय एक नियम असा की कोणी खोटे बोलले की तो एक पातळी खाली घसरतो. वाचक मला गेममावशी म्हणतात. धुळ्यापासून लातूरपर्यंतच्या मुली लिहितात की मावशी, हे तुम्हाला सुचते तरी कसे.

मला यातले काहीही सुचलेले नाही. हे सगळे रिनाचे आहे.

मी हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही, म्हणून नीट क्रमाने लिहिते. रिना बारावीला असताना तिच्या गादीखाली मला दोनशे पानी वही सापडली. भावासाठी घेतलेल्या संगणकावर ती चोरून खेळायची, आणि मी तो बंद केला तेव्हा तिने स्वतःचाच खेळ कागदावर रचला. नकाशे, चौकटी, नियम, प्रत्येक वळणाची गोष्ट. आईने काय करावे? मी लाल पेन घेऊन बसले. पानापानावर चुका काढल्या, शेवटी दहापैकी चार गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे.' परीक्षा झाली की परत देईन म्हणाले. परीक्षा झाली, कॉलेज झाले, लग्न ठरले. लग्नाच्या सामानात तिने वही मागितली, तेव्हा रद्दीत गेली असे सांगितले. वही माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती. मला माहीत होते. पोरीने पुन्हा त्या खुळात पडू नये, असे स्वतःला सांगत होते एवढे आठवते.

निवृत्तीनंतर, सगळे घरात कोंडले गेले त्या वर्षी, योगेंद्रने मला मोबाइलवर गोष्टी लिहायचे शिकवले. मी आठवणी लिहिल्या, संस्कारकथा लिहिल्या. एका गोष्टीला अकरा वाचक मिळाले, त्यांतले चार घरचे. मग मी पेटी उघडली.

तिसाव्या भागानंतर रिनाचा फोन आला. ते बोलणे मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"माय, मन्ही वही कोठे शे?"

"कोनती वही? ती ते कवयच रद्दीमा गयी."

"मंग हाई गोट तुले कशी सुचनी?"

"मास्तरीण शे मी. माले नई सुचनार का?"

मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "बरं माय. ठेवस मी."

त्यानंतर पाच आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्या. आमच्याकडे आखाजीला सासरची लेक माहेरी येते, झोका बांधतात, आणि तिला आणायला भाऊ मुराळी होऊन जातो. योगेंद्र दर वर्षी गेला आणि दर वर्षी सुरतेच्या घारीचा डबा घेऊन एकटा परतला. रिनाने भांडण केले नाही. भावाला आईबद्दल वाकडा शब्द सांगितला नाही. फक्त आली नाही. योगेंद्रला वाटते की पाटल्यांवरून बिनसले. त्याला आज हा कागद वाचून कळेल. योगेंद्र, तू मला दर वेळी विचारलेस आणि मी दर वेळी "तिलाच विचार" म्हणाले. तीही चोरीच होती. तुझी बहीण मी तुझ्यापासूनही तोडली.

कलम ४. सबब 'घाटवाट' ही गोष्ट, तिचे सर्व हक्क, खाते, पासवर्ड (कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे), आजवरचे आणि पुढचे सर्व उत्पन्न केवळ रिनाचे. मी गेल्यावर योगेंद्रने पहिल्या दिवशी त्या खात्यावर एवढेच टाकावे: 'ही गोष्ट, हा खेळ आणि याचे सर्व नियम रिनाने वयाच्या सतराव्या वर्षी रचले. आईने चोरले.' शब्द बदलू नये. 'आईने पुढे नेले' वगैरे मऊ काही लिहू नये. वाचक मला शिव्या देतील, त्या पुसू नयेत.

योगेंद्र विचारील की मग जिवंतपणीच का टाकत नाहीस? कारण मी भित्री आहे. लेकीला धीट हो म्हणून शिकवत राहिले, आणि स्वतः मात्र मेल्यानंतरच खरे बोलायची सोय करून ठेवते आहे.

कलम ५. वही रिनाला जशी आहे तशी द्यावी. माझ्या लाल खुणांवर कागद चिकटवू नये. मी मागे ब्लेडने दहापैकी चार खरवडून पाहिले, पान फाटले. ते फाटलेलेही तसेच राहू द्यावे.

कलम ६. आता जे लिहायला सर्वांत जड जाते ते. गोष्टीत सातव्या वळणावर वनमाता भेटते, नायिकेच्या डोक्यावर हात ठेवते आणि वाट मोकळी करते. वाचकांनी त्या भागावर रडून रडून लिहिले. सगळ्या गोष्टीत तेवढी एक वनमाता माझी आहे. वहीत ती नाही. वहीत सातव्या वळणावर एक बाई उभी आहे. गळ्यात चष्म्याची दोरी, हातात लाल पेन. चौकटीत लिहिले आहे: शक्ती ९९, आवाज ९९, ऐकणे ०. त्याखाली, हरवण्याचा उपाय: 'नाही. हिच्याशी लढू नये. हिच्या हद्दीबाहेर पडावे, म्हणजे प्राण आपोआप भरू लागतात.'

हे पान मी बारावीच्या वर्षी तपासले होते. 'हद्दी'खाली रेघ मारली होती, अक्षर बरे काढावे म्हणून. बाई कोण, ते तेव्हा कळले नाही. पुढे मोबाइलवर टाइप करायला पान उघडले तेव्हा कळले. कळूनही मी ते पान बाजूला ठेवले आणि स्वतःला देवी करून घेतले. वही घेतली हा एक गुन्हा झाला. पण पोरीने माझ्याबद्दल जे खरे लिहिले तेच मी खोडले, हा मला मोठा वाटतो. रिनाने तो भाग काढून टाकावा आणि तिची राखणदार तिच्या जागी उभी करावी. मला सौम्य करू नये.

कलम ७. ~~वही घेण्यासाठी रिनाने नंदुरबारच्या घरी स्वतः येऊन, वकिलांसमक्ष सही करून ती ताब्यात घ्यावी.~~

कलम ७ मी माझ्या हाताने खोडले आहे आणि बाजूला सही केली आहे; यापुढचा मजकूरही मी हाताने लिहिला आहे. ते रूपचंद यांनी सुचवले आणि मी लगेच हो म्हणाले, कारण मला तेच हवे होते. ती या उंबऱ्यावर चढावी, माझ्या फोटोसमोर का होईना. कागद पक्का टाइप होऊन आला, मी वाचला आणि पेन मागितले. रूपचंद म्हणाले, "मंग ती काय येस, मावशी!" मी म्हणाले, "नई उनी ते नई उनी." नाही आली तर नाही आली.

त्याऐवजी असे करावे, आणि म्हणूनच योगेंद्र आणि नूतनने हा कागद आजच वाचावा. मंगळवारी मी सुरतेत असेन, तिच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तिला आधी कळवू नये. 'आई आजारी आहे, ये' असा निरोप कोणीही देऊ नये. नूतन, तुझे मन मऊ आहे, तूही नाही. काही बरेवाईट झाले तर बातमी द्यावी, पण अंत्यविधीला ये म्हणून गळ घालू नये, आणि ती आली नाही म्हणून नातलगांत कोणी बोलले तर योगेंद्रने त्याला तिथेच थांबवावे. मी गेल्यावर वही पोस्टाने रजिस्टर करून पाठवावी. सोबत माझे पत्र नाही, शोधू नये. पाकीट न उघडता परत आले तर ते तिच्या नावाने कपाटात ठेवावे आणि तिला पुन्हा कधी विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला, तो खरा आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: नंदुरबार
दिनांक: ९ जानेवारी २०२६

(सही) वत्सलाबाई चुनीलाल बोरसे

साक्षीदार:
१. (सही) दोधू सुका भोई, निवृत्त शाळा शिपाई, नंदुरबार
२. (सही) मोहिनी गुलाब जाधव, शेजारी, नंदुरबार