डाव्या हाताचं कोलम

आई, यंदा मार्गळी महिना, पुण्याकडचा धनुर्मास, लागायच्या दोन दिवस आधी मी न्हाणीच्या पायरीवर घसरले आणि उजवं मनगट मुरगळलं. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टा बांधून दिला आणि त्या हातानं काही उचलायचं नाही असं बजावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिल्यांदा हेच विचारशील, की लागलं किती. फारसं नाही लागलं. पण त्यानंतर जे झालं ते कुणाला सांगावं हे कळेना, म्हणून तुला लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा तुझी नात शाळेत होती. आता ती पुण्यात नोकरी करते, लग्नही तिथल्याच मुलाशी झालं. आपली तंजावरची मराठी ऐकून तिकडचे लोक हसतात, म्हणून तिनं बोलणं बदललं, आणि तिच्याशी फोनवर बोलून बोलून माझंही बदललं. या पत्रात तुला ते दिसेलच. बाजारात, देवळात, पापनाशमच्या बसमध्ये कुणी ओळख काढली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, माझी मुलगी पुण्याला असते. दुसरं वाक्य मला कधी लागलंच नाही. पुढे लोक विचारतात, मी तिच्याबद्दल सांगत जाते आणि बस गावात पोचते. तिच्या परीक्षा, तिचे डबे, तिचा ताप यांतून वीस वर्षं कशी गेली ते कळलं नाही, आणि ती गेल्यावरही मी तिच्याच वेळांना उठत राहिले. उन्हाळ्यात तिनं सुचवलं की आम्ही दोघांनी कुंभकोणमचं घर बंद करून तिच्याकडे यावं. खोली तयार आहे, खिडकीत तुळसही ठेवली आहे. मी म्हटलं होतं, "तू म्हणशील तसं." तुझे जावई आता घरीच असतात, त्यांना सकाळी पेपर मिळाला की कुठेही चालतं.

तर मार्गळीचा पहिला दिवस. अजून उजाडायचं आहे, मी दारात सडा घालून उभी आहे आणि उजवा हात गळ्यात अडकवलेला. हे आतून म्हणतात, "एक दिवस कोलम नसलं तर काय बिघडेल?" मी म्हणते, "मार्गळीत? बिनरांगोळीचं दार?" आणि वाटीतलं तांदळाचं पीठ डाव्या चिमटीत घेते. वाटलं होतं, चार ठिपके वेडेवाकडे टाकून आत येईन. पण हात सरळ चालला, आई. सात ठिपके पडले, मग पाच, मग तीन, आणि रेघ त्यांच्याभोवती अशी वळत गेली की मी नुसती बघत होते. नेहमी मी जिथून सुरुवात करते त्याच्या उलट बाजूनं ती निघाली. मोठं झालं, पायरीच्याही बाहेर गेलं. थोड्या वेळानं समोरच्या घरातली बाई आपलं अंगण झाडायला आली आणि झाडू हातात धरून थांबली.

"मामी, कोण आलंय तुमच्याकडे? मुलगी आलीय?"

"नाही. का?"

"हे तुमच्या हातचं नाही वाटत. तुमचं कसं, मोजून काढल्यासारखं असतं. हे वेगळं आहे."

मी "माझंच आहे" म्हणाले आणि आत आले, पण कॉफी करताना तेच डोक्यात राहिलं. छप्पन्न वर्षांची झाले आणि शेजारणीला माझं काम परक्या बाईचं वाटलं, आणि मला त्याचं वाईट न वाटता बरं वाटलं. मग मला छंदच लागला. कुलूप डाव्या हातानं उघडून बघितलं, काडी ओढून बघितली, विळीवर पडवळ चिरून बघितलं. चिरणं सरळ जमलं. कॉफी तंबलरमधून खालच्या डबऱ्याच्या वाटीत वरून ओतायला गेले तर अर्धी ओट्यावर सांडली, आणि यांनी पेपर बाजूला ठेवून ती पुसली. दुपारी मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन लिहायला बसले. पहिल्या दिवशी अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, काही उलटीच. आठवड्यानं ओळ सरळ झाली. गंमत अशी की या हाताला घाई फार. उजवा हात शब्द पुरा करतो, काना-मात्रा तपासतो, मग पुढे जातो; हा पुढच्या शब्दावर आधीच पोचलेला असतो. ही बाई कोण, हिला काय आवडतं, ही राहिली कुठे होती, असं मला खरंच वाटतं. हे पत्र मात्र उजव्यानं लिहिते आहे, पट्टा सुटलाय. डाव्यानं घाईत लिहिलेलं तुला लागायला पुढची मार्गळी येईल.

त्याच दिवसांत मला पापनाशमचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सात वर्षांची आहे, आजोबांचं श्राद्ध आहे, पानं मांडली आहेत आणि तू मला दह्यातली डांगर पच्चडी वाढायला पाठवतेस. मी पहिल्याच पानावर डाव्या हातानं वाढते. आत्या तुझ्याकडे बघते. तू मला हाताला धरून आत नेतेस आणि म्हणतेस, "हा हात कोठें चालला? लोक जेवतील काय तुझ्या हातचं?" दुसऱ्या दिवसापासून तू तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठानं माझं डावं मनगट कमरेशी बांधायला लागलीस. सकाळी बांधायचीस, निजताना सोडायचीस. किती महिने चाललं ते आठवत नाही. गाठ मात्र आठवते, ती तू कधी घट्ट बांधली नाहीस. उजव्या हातानं मी पहिली सरळ ओळ लिहिली तेव्हा तू मला तुझं स्वतःचं शाईचं पेन दिलंस.

त्या पेनानं मला कधीच नीट लिहिता आलं नाही. निब कागदाला अडायची. बाबा म्हणाले, ती एका बाजूनं झिजली आहे, जुनी झाली. मी तेव्हा मान डोलावली. आता विचार करते, कुठल्या बाजूनं झिजली होती, कुठल्या हातानं? पेन राहिलेलं नाही, नाहीतर बघितलं असतं. आणि तुझे शेवटचे दिवस आठवतात, तू इथे आमच्याकडे, मधल्या खोलीत. तुला कुणाचं नाव धड आठवत नव्हतं, पण मी पाणी आणलं की तू डावा हात पुढे करायचीस. मला वाटायचं, उजव्यात शक्ती उरली नाही. मी पेला काढून तुझ्या उजव्या हातात द्यायची. रोज. तू तसंच प्यायचीस. कदाचित खरंच शक्ती नसेल. कदाचित पेन कधी पडलं असेल आणि निब वाकली असेल. मला माहीत नाही, आणि विचारायला आत्याही राहिली नाही.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. सामान हलवणाऱ्यांना कधीची तारीख सांगू म्हणाली. मी म्हटलं, "आत्ता नको सांगू."

"अम्मा, बरं आहे ना तुला? मनगट दुखतंय?"

"मनगट चांगलं आहे. मला इथे थोडं बघायचं आहे."

"काय बघायचंय?"

मी जे होतं ते सांगितलं, कोलम, वही, श्राद्धाचा दिवस, लुगड्याचा काठ. ती म्हणाली, "तू डावखुरी आहेस? मला कसं माहीत नाही?"

"मलाही माहीत नव्हतं."

"पण तुला कधीच काही नको असायचं, अम्मा. म्हणून मला वाटलं, तू येशील." तिचा आवाज लहानपणी शाळेच्या फाटकाशी व्हायचा तसा झाला होता. एरवी मी तिथेच म्हटलं असतं, येते, येते. या वेळी मी म्हटलं, उन्हाळ्यात दोन महिने येईन, ते मनापासून येईन, आणि परत येईन. शेवटी ती म्हणाली, "फोटो तरी पाठव कोलमचा." पाठवला. संध्याकाळी तिनं यांच्या फोनवर विचारलं की अम्मा खरंच बरी आहे ना. हे म्हणाले, "बरी आहे. माझ्या कपाळावर डाव्या हातानं पूजेचं कुंकू लावते, नाकावर येतं."

हे कागद पाठवायला पत्ता नाही, आणि तुझ्या तसबिरीपुढेही मी ते ठेवणार नाही. वहीतच राहतील. एक मात्र लिहायचं राहिलं. त्या गाठीचा मला कधी राग आला नव्हता, लहानपणीही नाही. तो या महिन्यात आला, तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. आला आणि गेला, असं लिहून पत्र संपवणार होते. पण तो अजून गेलेला नाही.