संत्र्याच्या वासाचा खटला

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जुने फौजदारी अभिलेख कक्ष,
नागपूर.

अर्जदार : श्रीमती अंजनाबाई प्रेमानंद गजभिये, वय ७७, धंदा घरकाम, राहणार उत्तर नागपूर.

विषय : दारू पिऊन वाहन चालवल्याच्या खटल्यातून माझे पती निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास मयत पतीवर पुन्हा खटला चालवून त्यांस पुन्हा निर्दोष सोडणेबाबत.

संदर्भ : १) राज्य विरुद्ध प्रेमानंद तुळशीराम गजभिये, मोटार वाहन कायदा कलम १८५, सन १९९३. २) आपल्या कार्यालयाने माझ्या मयत पतीस पाठवलेली नोटीस. ३) खिडकीवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. सदर प्रकरण सन १९९३ च्या हिवाळ्यातले आहे. त्या वर्षी काटोलकडे संत्र्याची गळ फार झाली होती. झाडाखाली आपोआप पडलेल्या फळाला तिकडे गळ म्हणतात. बाजारात तिला कोणी विचारत नाही, परंतु रसवाले घेतात. अर्जदाराचे पती प्रेमानंद हे भाड्याची मेटॅडोर चालवत. त्या दिवशी मागे चांगल्या मालाच्या पेट्या लागल्या होत्या, म्हणून बागवाल्याने गळ पुढे केबिनमध्येच ओतली. प्रेमानंद गुडघ्यापर्यंत संत्र्यात पाय ठेवून काटोलहून निघाले. ब्रेक दाबला की संत्रे फुटे. त्यात फळ वाया गेलेले त्यांच्याने पाहवत नसे, त्यामुळे मऊ पडलेले एकेक संत्रे ते वाटभर खात आले. शहराच्या नाक्यावर हवालदार बळीराम नेहारे यांनी गाडी थांबवली, केबिनमध्ये डोके घातले आणि तसेच बाहेर काढले. ते म्हणाले, "काय गा, पेला का आंघोळ केली?" प्रेमानंद म्हणाले, "साहेब, संत्रे होय." हवालदार म्हणाले, "हो, संत्राच म्हणतेत तिले."

महोदयांस ठाऊक असेलच की आपल्याकडे देशी दारूच्या बाटलीवरही संत्र्याचे चित्र असते. त्यामुळे प्रेमानंद जितके खरे सांगत गेले तितके अडकत गेले. सरकारी डॉक्टरांनी तपासून लिहिले की तोंडाला वास येतो, चाल सरळ आहे, बोलणे स्वच्छ आहे. तपासणीस घेतलेल्या रक्ताची बाटली पुढे कोठे गेली हे शेवटपर्यंत कळले नाही.

२. खटला उभा राहिला. वकील नव्हता. प्रेमानंद यांनी त्याच बागेतली टोपलीभर गळ आणून आंबेपर्यंत घरात पोत्याखाली झाकून ठेवली आणि तारखेच्या दिवशी ती डोक्यावर घेऊन कोर्टात गेले. अर्जदार मागच्या बाकावर बसलेली होती. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारले, बचावात काय सांगायचे आहे? प्रेमानंद यांनी टोपलीवरचे पोते काढले. कारकून खिडकी उघडायला धावला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि हवालदारास विचारले, "आता या टोपलीलाही अटक करता काय?" सारे कोर्ट हसले. हवालदार बळीराम स्वतः हसले. प्रेमानंद निर्दोष सुटले. घरी येताना ते अर्जदारास म्हणाले, "अंजना, वस्तीत काही सांगू नको वं. पकडलं एवढंच लोकं घरी नेतात, सुटलो ते कोर्टातच राह्यते." म्हणून आम्ही कोणास सांगितले नाही.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की अर्जदाराने लहानपणी, सन १९५६ मध्ये, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेचा सोहळा पाहिलेला आहे. वडिलांचे पांढरे धुतलेले धोतर, त्याला लागलेली पायवाटेची माती, आणि लाखो माणसांनी एका आवाजात म्हटलेले शब्द तिला आजही आठवतात. मादक पदार्थांपासून दूर राहीन, हे पाचवे शील आमच्या घरात नुसते म्हणण्यापुरते कधी नव्हते. तेव्हा अर्जदाराच्या स्मरणशक्तीबद्दल आपल्या खिडकीवर जी शंका घेतली गेली, तिची कृपया नोंद काढून टाकावी.

३. रुपराव डोंगरे हे प्रेमानंद यांचे बालमित्र. ते त्या काळी कामठीला यंत्रमागावर कामास होते आणि पगार झाला की गल्लीत झोपत. खटल्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते वस्तीत राहायला आले. त्यांची दारू प्रेमानंद यांनी सोडवली. विहारात नेऊन शील दिले, इतके तर कोणीही करते. प्रेमानंद यांनी वर असे केले की रोज दिवेलागणीला रुपरावांच्या दारात उभे राहून ते म्हणत, "फुक." रुपराव शपथा घेऊ लागले की म्हणत, "तोंडाचं नको, वास पाहिजे." रुपराव रडले, भांडले, एकदा चप्पल घेऊन अंगावर धावले, पण फुकले. हे काही वर्षे चालले. पुढे फुकायची गरज उरली नाही, तरी प्रेमानंद जात आणि दोघे चहा पीत. तेव्हापासून रुपरावांनी थेंबाला हात लावलेला नाही.

४. यंदा विहाराच्या वाचनालयास प्रेमानंद यांचे नाव देण्याचे ठरले. समितीच्या सचिवबाईंना परिचय लिहायचा होता, म्हणून त्यांनी भर सभेत मोबाइलवर त्यांचे नाव शोधले. कोर्टाची जुनी प्रकरणे आता कोणालाही पाहता येतात, ही सुधारणा चांगलीच आहे. परंतु त्यात एवढेच दिसते : राज्य विरुद्ध प्रेमानंद गजभिये, दारू पिऊन वाहन चालवणे, प्रकरण निकाली. कसे निकाली, ते नाही. मोबाइल सभेत हातोहात फिरला. रुपरावांनी तो हातात घेऊन त्या ओळी दोनदा वाचल्या. मग अर्जदाराच्या घरी येऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "वैनी, ज्याच्यापायी मी सोडली तोच पेऊन गाडी चालवत होता, तं मी एवढे वर्ष काहून कोरडा राह्यलो?"

अर्जदाराने संत्र्याचे सर्व सांगितले. ते म्हणाले, "तोंडाचं नको वैनी. शपथा मी बी लय घेतल्या. कागद दाखवा. विजयादशमीपर्यंत थांबतो, नाही तं मी चाल्लो दुकानात." महोदय, रुपरावांचे वय एक्याऐंशी आहे. डॉक्टर म्हणतात, त्यांच्या लिव्हरला आता एक पेलाही पुरे.

५. त्यावरून अर्जदार आपल्या खिडकीवर आली. तेथे सांगण्यात आले की फौजदारी प्रकरणाची नक्कल आरोपीने स्वतः मागावी. आरोपी सन २०११ मध्ये वारले असून मृत्यूचा दाखला सोबत आहे, असे सांगितल्यावर आरोपीचे संमतीपत्र आणण्यास सांगण्यात आले. अर्जदार पोलीस ठाण्यात गेली. तेथे असे कळले की नाक्यावरील ज्या खांबाजवळ गाडी अडवली तो खांब आता दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत आहे. दुसऱ्या ठाण्यात असे कळले की रस्ता रुंद करताना तो खांबच काढला.

६. नाइलाजाने अर्जदाराने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्यावर आपल्या कार्यालयाची नोटीस अर्जदाराच्याच घरी आली, परंतु ती श्री. प्रेमानंद गजभिये यांच्या नावे होती. तीत विचारले होते की, आपली वैयक्तिक माहिती आपल्या पत्नीस देण्यास आपली काही हरकत आहे काय; असल्यास मुदतीत कळवावे. अर्जदाराने ती नोटीस तसबिरीपुढे मोठ्याने वाचून दाखवली. हरकत दिसली नाही. तसे अर्जदाराने मुदतीत लेखी कळवलेही. तथापि त्रयस्थ व्यक्तीने स्वतःच्या सहीने संमती न दिल्याने माहिती नाकारण्यात येते, असे उत्तर आले.

ते उत्तर वाचले गेले तेव्हा रुपराव हजर होते. ते उठले आणि चपला घालू लागले. अर्जदाराची मुलगी अस्मिता स्वयंपाकघरातून ओरडली, "काका, अपील बाकी हाय न अजून!" रुपराव एक चप्पल पायात, एक हातात, असे थांबले. म्हणाले, "अपील हाय काय? मंग ठीक हाय." आणि परत बसले.

७. आपल्या खिडकीवरील लिपिक नंदिनी मॅडम यांनी अर्जदारास खरे काय ते सांगितले, त्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ नये. त्या म्हणाल्या, "आजी, आजोबांना शिक्षा झाली असती न, तं मी आत्ताच्या आत्ता नक्कल काढून दिली असती. शिक्षेचा कागद आम्ही जपून ठेवतो. निर्दोष सुटलेल्याचा गठ्ठा मुदत झाली की नष्ट करतो." अर्जदाराने विचारले, म्हणजे प्रेमानंद यांनी गुन्हा केला असता तर आज ते निर्दोष होते असे सिद्ध करता आले असते काय? नंदिनी मॅडम म्हणाल्या, "नाही आजी, पण कागद तरी मिळाला असता."

८. अर्जदाराने मग स्वतः पुरावा तयार करण्याचे ठरवले. काटोलहून गळ मागवून पोत्याखाली आंबवली, पोटभर खाल्ली आणि अस्मिताच्या स्कूटीवर मागे बसून संध्याकाळी रामदासपेठेत नाकाबंदी होती तेथे गेली. नुसते संत्रे खाऊनही माणूस पकडला जातो हे कागदावर यावे, म्हणून यंत्रात फुंकू द्यावे अशी विनंती केली. वाहतूक शिपाई म्हणाला, "आजी, गाडी कोण चालवून राह्यलं?" अस्मिता म्हणाली, "मी." शिपाई म्हणाला, "मंग आजी काहून फुकते?" अर्जदाराने सन १९९३ पासून सर्व सांगितले. मागे गाड्यांची रांग लागली. शिपाई हात जोडून म्हणाला, "माय, चालवणाऱ्यालेच फुकता येते. तुम्ही पुढे बसा, गाडी चालवा, मंग मी तुम्हाले पकडतो." अर्जदारास वाहन चालवता येत नाही. तिने शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केला असून तो डोळ्यांच्या तपासणीत अडकला आहे.

९. सबब महोदयांस विनंती की :

(अ) निकालाचा गठ्ठा पुन्हा एकदा नीट शोधावा. कदाचित त्याला अजून वास येत असेल.

(ब) तो नष्ट झाला असल्यास, तो प्रेमानंद यांच्या दोषामुळे नव्हे तर निर्दोषपणामुळे नष्ट झाला, असा दाखला द्यावा.

(क) तसा नमुना उपलब्ध नसल्यास मयतावर त्याच कलमाखाली नव्याने खटला भरावा. टोपली अर्जदार आणील.

१०. खटला भरावयाचा झाल्यास साक्षीदारांची आजची स्थिती पुढीलप्रमाणे. मॅजिस्ट्रेट साहेब निवृत्त होऊन पुण्यास गेले व तेथेच वारले. पेपरात त्यांच्यावर बरेच छापून आले, टोपलीचे मात्र कोणी लिहिले नाही. हवालदार बळीराम निवृत्तीनंतर काटोलकडे गेले आणि त्यांनी संत्र्याचीच बाग केली. अर्जदार भेटली असता ते म्हणाले, "बाई, आता समजते मले. गळीच्या दिवसात घरात पाय टाकला का बायकोच विचारते, पेऊन आले काय?" ते साक्ष देण्यास तयार आहेत; पण ज्याने पकडले त्याचेही तोंडी रुपरावांना चालत नाही. नंदिनी मॅडमची दुसऱ्या खिडकीवर बदली झाली आहे. वाचनालय सुरू झाले, मुले येतात, दारावरची पाटी कोरी आहे. अस्मिता अपिलाचे नियम वाचून वाचून इतकी तयार झाली आहे की वस्तीतले लोक आता तिच्याकडे कागद घेऊन येतात.

११. विजयादशमी होऊन गेली. अर्जदाराने त्या दिवशी जीव मुठीत धरला होता. रुपराव नवे पांढरे कपडे घालून आले, वंदना झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. अर्जदाराने विचारले, भाऊजी, कोठे निघालात? ते म्हणाले, "कोठे म्हणजे? आज खिडकीवर तारीख हाय न आपली? प्रकरण चालू हाय तंवरक मी कसा पेऊ, वैनी?" तेव्हापासून ते प्रत्येक खेपेस सोबत येतात. रांगेत अर्जदाराची जागा धरतात. शिक्का नीट उमटला नाही तर परत मारायला लावतात. आपल्या कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा पितात आणि बाबूलोकांना नावे ठेवतात. अंधार पडेपर्यंत इतके दमतात की जेवून झोपी जातात.

म्हणून महोदय, वरील (अ), (ब), (क) पैकी काहीच शक्य नसेल, तर अर्जदाराची शेवटची विनंती आहे की हा अर्ज नामंजूर करू नये. 'अभिलेख आढळून येत नाही' असे पत्र कृपया पाठवू नये. अर्ज विचाराधीन ठेवावा आणि तारीख देत राहावी. प्रेमानंद यांच्या नावावरचा डाग प्रेमानंद सोसतील. ते आता कोठे जात-येत नाहीत. रुपरावांना घरी जायला रोज त्या दुकानावरूनच वाट आहे.

पुढची तारीख शक्यतो सोमवारची द्यावी. रविवारी त्यांना करमत नाही.

ठिकाण : नागपूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

उत्तराची मुळीच घाई नसलेली
आपली नम्र अर्जदार,
अंजनाबाई प्रेमानंद गजभिये