मोठ्या बहिणीचं पात्र

४ मार्च, सोमवार
आजपासून मी वाहिनीच्या नाट्यविभागात वाचक! टेबल खिडकीपाशी, खुर्ची गोल फिरणारी (दोनदा फिरवून पाहिली, कुणी बघत नव्हतं), ड्रॉवरमध्ये कोऱ्या लाल पेनांचा डबा. वाहिनीनं नवोदितांकडून नाट्यसंहिता मागवल्यात आणि ढीग असा आलाय, की बघायला कुणी उरलंच नसावं, सगळे लिहायला बसलेत. मी संहिता वाचायची, अभिप्राय लिहायचा. तो लेखकाला जातो, लेखक सुधारून पुन्हा पाठवतो. शेवटची तारीख पंचवीस. संहितेवर नाव नाही, फक्त क्रमांक. अभिप्रायाखाली माझंही नाव नाही. विभागप्रमुख मॅडमनी बजावलं, की ओळखीच्या कुणाची संहिता हाती आली तर तिथल्या तिथे परत करायची. शिवाय कर्मचाऱ्यांनी स्वतः काही पाठवायचं नाही. मी हसत सही केली. माझं नाटक सहा वर्षं पाचव्या प्रवेशात ठाण मांडून बसलंय, ते कुठे जाणार होतं!

घरी आईनं शिवणाचं मशीन थांबवून पाठीवरून हात फिरवला. छोटी तर उड्याच मारायला लागली. मग म्हणाली, ताई, मीपण पाठवतेय हं काहीतरी. म्हटलं, पाठव की. या घरात लेखिका एकच आहे, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

७ मार्च, गुरुवार
अकरा संहिता झाल्या. त्यातल्या सातांत नायकाची स्मृती जाते. एकाची तर दोनदा. चहावाल्या मावशींना माझा बिनसाखरेचा चहा आता पाठ झालाय. नोकरी मानवतेय एकूण.

८ मार्च, शुक्रवार
क्रमांक ११७.
पहिल्याच पानावर एक बाई मशीनवर शिवतेय, दोरा दातानं तोडतेय. तिच्या दोन मुलींत एकच कपाट, आणि भांडण नको म्हणून मोठीनं आत मधोमध खडूची रेघ मारलीय. ती रेघ आमच्या कपाटात आहे. मीच मारलेली.

छोटीचं नाटक. वाचून होईपर्यंत चहा थंडगार. दोन ठिकाणी रडले. सहा वर्षं मला जे जमत नाहीये ते ती दोन महिन्यांत लिहून मोकळी झाली, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं. त्यात सगळ्यात झकास कोण, तर मोठी बहीण. खडूस, बडबडी, मायाळू. मी इतकी चांगली नाहीये.

परत करायला हवी होती. नाही केली. लाल पेन घेतलं आणि लिहिलं : मोठ्या बहिणीचं पात्र अनावश्यक. तिच्यावाचून कथेचं काहीच अडत नाही.

११ मार्च, सोमवार
छोटीनं अभिप्राय मलाच वाचून दाखवला! तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाली, ताई, मला तर तीच सगळ्यात आवडते, काय करू? मी चेहरा सरळ ठेवून सांगितलं, की वाचक मुरलेले असतात, ऐकावं त्यांचं. तिनं मान डोलावली. माझं ती नेहमीच ऐकते.

१४ मार्च, गुरुवार
११७ सुधारून आलं. मोठी चौदा प्रवेशांतून पाचांत आली. कपाटाचा प्रवेश गेलाय. आणि नाटक अजून चांगलं झालंय! अंगाचा तिळपापड झाला. लिहिलं : अजून कापा.

घरी आले तर माझे कपडे पलंगाखाली, पिशवीत. कपाटभर छोटीचे. खडूची रेघ नाही, पुसल्याची खूणसुद्धा नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, कपाट आधीपासून छोटीचंच आहे. शिवून शिवून दमली असेल. उद्या नीट विचारीन.

१८ मार्च, सोमवार
मावशी सगळ्यांना चहा देऊन माझ्या टेबलावरून पुढे गेल्या. हाक मारली, वळल्या नाहीत. हजेरीपटात माझ्या नावाच्या जागी रिकामी ओळ.

११७ तिसऱ्यांदा आलं. मोठी आता शेवटच्या प्रवेशात दाराशी येते, एक वाक्य बोलते, बस्स. तेवढं एक वाक्यही मला खुपलं. काय म्हणावं मला! लिहिलं : हे एक वाक्य कशाला? तेही काढा.

२० मार्च, बुधवार
जेवायला दोनच ताटं. मी तिसरं घेतलं. आईनं वाढलं ते त्या दोनच ताटांत. रागावलीय म्हणावं तर — नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या फोटोत त्या दोघी आहेत. मधे मी होते. मधे आता मागचा पडदा दिसतोय.

२१ मार्च, गुरुवार
कळलं. तिकडे कापलं की इकडे जातं. कपाट. फोटो. सगळं.
नवा अभिप्राय लिहिला — मोठीला परत आणा, सगळे प्रवेश परत, माझी चूक झाली — आणि मॅडमच्या समोर ठेवला. त्यांनी उचलला. उलटसुलट करून पाहिला. कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

२३ मार्च, शनिवार
छोटीचा हात धरला. तिनं हात झटकला, माशी बसल्यासारखा. तिच्या कानाशी ओरडले, की तो वाचक मी होते, मी जळत होते तुझ्यावर —
ती गुणगुणत राहिली.

२५ मार्च, सोमवार
शेवटचा दिवस. सहाच्या आत पाठवायचंय. साडेपाच झालेत.
घराच्या दाराला माझी किल्ली लागत नाही. पायरीवर बसून लिहितेय. खिडकीतून दिसतंय सगळं. आई मशीनवर. छोटी टेबलाशी, पुढे शेवटचं पान, शेजारी माझा अभिप्राय.
वाक्य अजून आहे. तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं.
आईला विचारतेय, दाराशी ही कोण येते गं? मलाच आठवत नाही, पण काढवत नाहीये. डोळे पुसतेय. छोटे, नको काढूस —
आई म्हणाली, ते मोठे लोक सांगतायत तर ऐकावं.
तिनं मान डोलावली.
मी दार बडवतेय, एका हातानं लिहितेय. तेच वाक्य ओरडतेय. मी रोज संध्याकाळी दाराशी म्हणते तेच, तिनं जसंच्या तसं घेतलंय —
तिनं पेन उचललं.
छोटे, दार उघड, मी