लोखंडाचं पीक

८ जुलै, मंगळवार

प्रणिताशी भांडलो. सगळ्यांसमोर!

होसकोट्याच्या या प्रयोगशाळेत आल्यापासून मी फ्लास्कच ढवळतोय. लोखंडाचा उत्प्रेरक टाकला की दोन रेणू जोडले जातात, आणि यंत्राच्या आलेखावर तयार मालाचं पीक उभं राहतं. आलेखावरच्या त्या सुळक्याला इथे सगळे इंग्रजीतलं 'पीक'च म्हणतात, शेतकऱ्यासारखे. महागडं पॅलेडियम नको, साधं लोखंड पुरे — शंतनु सर याच जोरावर कंपनीकडे जाणार आहेत. आणि ही म्हणते, लोखंडाने हे होणारच नाही!

हिने कधी फ्लास्क विसळलेला नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनची गणितं. म्हणे मधला ऊर्जेचा चढ फार उंच येतोय, ऐंशी अंशांवर रेणू पलीकडे जायचेच नाहीत. मी विचारलं, मग माझं पीक काय आभाळातून पडलं?

'तेच तर शोधायचं की. रागवतोस कशाला?'

निपाणीची आहे. तो 'की' असा लांबवते की भांडण विसरायला होतं. मी विसरलो नाही.

९ जुलै

अबोला. के. आर. पुरमला बस चुकली, डबा घरीच राहिला. न बोलता तिने अर्धी भाकरी पुढे सरकवली. खाल्ली.

१० जुलै, गुरुवार

तिने स्क्रीनवर दाखवलं. लोखंडाभोवती निळे-लाल ढग — इलेक्ट्रॉन कुठे सापडेल, त्याची शक्यता. रेणू जवळ येतो, बंध ताणला जातो, तुटायला येतो... तो क्षण कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही एवढा छोटा. आणि ही त्याची उंची सांगते! कॉलेजात हेच समीकरण फळ्यावर होतं. त्या तासाला मी मागच्या दाराने सटकलो होतो. हे खरोखर घडतं, असं तिथे कुणी सांगितलंच नाही.

मग म्हणाली, लोखंड न टाकता करून बघ. केलं. पीक आलं! लोखंडाशिवाय!

मग फ्लास्कमध्ये उरलं काय? ढवळायची चुंबकी कांडी. पांढरी, पण ओरखड्यांत काळपट. आधीच्या प्रकल्पात याच कांडीने पॅलेडियम ढवळलेलं. धुवून ते निघत नाही म्हणे.

'आता कोरी कांडी घाल. आणि लोखंड टाक.'

११ जुलै, शुक्रवार

सकाळी सरांनी बाजूला घेतलं. लोखंड खोटं ठरलं तर प्रकल्प बंद, आम्हा दोघांची कंत्राटंही. म्हणजे ती निपाणीला.

एप्रनच्या खिशात दोन्ही कांड्या. ती पाठमोरी होती. जुनी टाकली असती तर कुणाला कळलं असतं? ती इथेच राहिली असती — आणि तिचं गणित चुकीचं ठरलं असतं.

कोरी टाकली.

संध्याकाळी आलेख सरकू लागला. पीक यायची जागा आली... गेली. सपाट रेष. एवढं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. काहीच झालं नाही, आणि ते तिला आधीच ठाऊक होतं!

माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, 'बुडालं बघ पीक.' हसत होती की रडत, कळलं नाही.

१४ जुलै, सोमवार

जुन्या कांडीत पॅलेडियम निघालं. प्रकल्प बंद. सर म्हणाले, दुसऱ्या कामावर एकालाच घेता येईल. मी म्हटलं, तिला घ्या. सरांनी टेबलावरचा तिचा कागद पुढे सरकवला. ती माझ्या आधीच येऊन, राजीनामा देऊन गेली होती. जाताना सरांना म्हणाली, 'माझ्या तम्माला ठेवा.'

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. एवढं कन्नड मला येतं.