चार खुणा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि. कामासाठी लिहितोय हे आधीच सांगतो, नाहीतर तुला वाटायचं, दादा म्हातारपणी हळवा झाला.

बाबांची मोटार तेरा वर्षांनी ठोकळ्यांवरून उतरवायची आहे. तुझी वहिनी म्हणाली, जुने ड्रम ब्रेक काढून चारही चाकांना डिस्क लावल्या तर बसेन. डिस्क आणल्या. पण डिस्क आसाच्या टोकाचा हब आणि चाक यांच्या मध्ये बसते, त्यामुळे चाकाचे नट ज्यांवर आवळतो ते स्टड आखूड पडतात. पुढे लावून पाहिलं, तर नट जेमतेम तीन आटे धरतो. इथले दुकानदार नव्या गाड्यांचे स्टड माथी मारतात. तू जुन्या सुट्या भागांच्या दुकानात बसतोस, म्हणून तुला विचारतो.

तीन आट्यांवर माझा भरवसा नाही. तू बसवलेलं चाक उतारावर कसं निसटलं ते एकदा पाहिलंय. हा टोमणा नाही, लिहिता लिहिता आलं.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. टोमणा नाही असं लिहिलंस म्हणजे तो होताच. तेवढा ओळखतो तुला.

नुसती लांबी आणि आटे कळवून भागत नाही. स्टडच्या मानेवरचा दातेरी भाग हबच्या भोकात रुतून बसतो, त्याचं माप लागतं. केसभर कमी असेल तर स्टड नटाबरोबर जागच्या जागी फिरतो, केसभर जास्त असेल तर हब तडकतो. सगळे जुने स्टड काढ आणि एकेक मोज. एक मोजून बाकीचे अंदाजाने लिहायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना आवडणार नसेल तर राहू दे.

तुझा,
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मापं मागे लिहिली आहेत. पुढचं सावकाश वाच.

तीन चाकांचे स्टड हातोडा घातल्यावर निघाले. डाव्या मागच्या चाकाचे चारातले तीन अंगठ्याने ढकलताच हातात आले. दाते साफ झिजलेले, आणि मान बाकीच्यांपेक्षा बारीक. भोकांच्या कडेला टोकदार पंचाने ठोकलेल्या चार-चार खुणा होत्या. सैल वस्तू घट्ट बसावी म्हणून अशा चार खुणा मारायची सवय आपल्या गॅरेजात फक्त माझी.

मग आठवलं. अपघाताच्या आठवड्यात तुटलेल्या स्टडच्या जागी मीच दुसऱ्या कुठल्याशा गाडीचे ठोकून बसवले होते. चालून जाईल म्हणालो होतो. तू रात्रभर पाना फिरवला असतास तरी ते नट आवळले गेले नसते. अपघातानंतर मी हब उघडून पाहिलाच नाही, दोषी आधीच सापडला होता. इस्पितळाच्या दारात, आईसमोर, तुझ्या हाताला अक्कल नाही असं बोललो. आई तेच मनात घेऊन गेली.

हिला अजून सांगितलेलं नाही. रोज चहाच्या वेळी ठरवतो आणि तिची काठी दिसली की कप घेऊन गॅरेजात जातो. माफी हा शब्द लिहून खोडला होता, पुन्हा लिहिलाय.

तुझा अपराधी,
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानातच वाचलं. आधी आनंद झाला, अगदी उड्या माराव्यात असा. मग लाज वाटली.

त्या संध्याकाळी ते तीन नट पान्याबरोबर नुसते गरगर फिरत होते. मला कळलं होतं, दादा. पण दिवसभरात दोनदा तू माझ्यावर खेकसला होतास. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, याला साधा नट आवळता येत नाही. म्हणून वरून चाकाची टोपी दाबली आणि हात धुतले. तू हाकललंस म्हणून मी गेलो नाही. मला माझं माहीत होतं, म्हणून गेलो.

मापाचे सोळा स्टड मिळाले. रविवारी मीच घेऊन येतो. वहिनींना एकट्याने सांगू नकोस, दोघं मिळून सांगू.

तुझा,
धाकटा

१ मार्च

चि. भाऊजींस,

अनेक आशीर्वाद. हे गॅरेजात होते आणि पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं, म्हणून मी फोडलं. तेव्हा दोघांनी मिळून सांगायचे कष्ट वाचले.

तुमच्यावर राग धरणं फार सोपं होतं. आता दोघांवर धरायचा तर पाय तोच आहे आणि मी दमले आहे. शिवाय माझंही एक आहे, ते समोर सांगायला जमणार नाही.

आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा हे तुम्हाला बोलावणार होते. मी म्हणाले, ते आले तर मी माहेरी जाईन. म्हणून तुम्हाला पत्र आलं ते आई गेल्यानंतरच. माझं नाव यांनी कधी पुढे येऊ दिलं नाही.

शेवटचे आठ दिवस मीच त्यांच्या उशाशी होते. चाकाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. दाराशी कुणाचंही पाऊल वाजलं की तुम्ही आलात का, ते विचारायच्या. आठही दिवस, नाही, असं मीच सांगत होते.

रविवारी या. जेवायला थांबते.

तुमची,
वहिनी