माझ्या नऊ जागा

३ मार्च, मंगळवार

आजपासून ही वही. कारण एकच: सूड.

मुख्य तंत्रज्ञाची जागा चष्मिशला दिली. चष्मिशला! तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा टॉर्च उलटी धरायचा. या रोलर कोस्टरवर मी अकरा वर्षं आहे. साहेब म्हणाले, तुमचा अनुभव आहेच, पण त्याला माणसं सांभाळता येतात. मी 'बरं' म्हणालो. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

(बायको म्हणते, घरी आलास तेव्हा कान लाल होते.)

चष्मिश पाया पडायला वाकला. काका, तुमच्याकडूनच शिकलो म्हणाला. मी पाय मागे घेतले. पहिला वार.

४ मार्च, बुधवार

शांत डोक्याने विचार केला. माझं हत्यार म्हणजे माझं ज्ञान.

लोकांना वाटतं, आत केवढी मोठी गुहा आहे. कसली गुहा? पत्र्याची शेड आहे, आतून काळा रंग मारलेला. रूळ एकमेकांवरून दोरीवरच्या कपड्यांसारखे घातलेत. सुरुवातीला गोफण (हे माझं नाव, साहेब 'लाँच' म्हणतात): गाडी उभ्या जागेवरून तीन सेकंदांत सुसाट. मग गोल, मग दोन पिळे, मग ब्रेक. प्लास्टरचा राक्षस एकच आहे, गाडी त्याच्यासमोरून तीनदा जाते. अंधारात तीन वाटतात. लोक तिन्ही वेळा ओरडतात.

आणि या सगळ्याच्या पोटात नऊ छुप्या जागा आहेत. गोफणीखालची पॅनलची खोली. उताराखालचा खड्डा, जिथे लोकांच्या टोप्या, चष्मे आणि एकदा पूर्ण कवळी सापडली. राक्षसाचं पोट, आत माणूस आरामात बसतो. गोलामागची सापट, तिथे माझी खुर्ची आणि चहाची किटली. बाकीच्या इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?

साहेबांनी नकाशा मागितला, चष्मिशसाठी. मनगट दुखतंय म्हणालो. नकाशा माझ्या डोक्यात आहे, तिथेच राहील. डोकं अजून तरी कंपनीचं नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळी चष्मिशची पहिली मीटिंग. विषय: कुलूप. हसू आवरलं नाही. जो आत जाईल त्याने लाल पेटीवर आपलं कुलूप लावायचं, त्यावर आपला फोटो, किल्ली आपल्याच खिशात. बाहेर आल्यावर आपणच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत गोफणीला वीज मिळत नाही. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, असं मलाच सांगत होता. हा नियम याला शिकवला कुणी? मी!

डोळे मिटून ऐकलं. अपमान म्हणून.

मग सगळ्यांना एक फॉर्म. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं? मी माझाच नंबर लिहिला. भरवशाचा माणूस दुसरा कोण आहे? पत्ता बदलायचा होता, जुन्या घराचाच आहे. तो राहू दिला. असहकार म्हणजे असहकार.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी शेवटच्या गाडीनंतर आत तपासणीला गेलो. चौदा नंबरचा सेन्सर पुसला. तो सहाव्या जागेतून हात घातल्याशिवाय पुसता येत नाही, आणि सहावी जागा माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

बाहेर यायला लागलो तर कंट्रोल रूममध्ये टाळ्या. चष्मिशसाठी केक! लाल पेटीशेजारीच सगळे उभे. म्हणजे तिथून गेलो असतो तर केक खावा लागला असता, आणि वर अभिनंदन. राक्षसामागच्या दाराने सटकलो तो थेट घरी. कुणाला पत्ता नाही. जागांचं ज्ञान असं कामी येतं.

उद्या शनिवार, गर्दीचा दिवस. उद्या मी गायब. अर्ज नाही, निरोप नाही. सेन्सरवर धूळ बसेल, गाडी अडेल आणि सगळे नाक मुठीत धरून येतील.

बसताना पॅन्टच्या खिशात काहीतरी टोचत होतं. पॅन्ट काढून टाकली.

७ मार्च, शनिवार

स. ८.३० बायको बहिणीकडे गेली, संध्याकाळी येईल. मैदान मोकळं.

९.१० पहिला फोन! उघडायच्या आधीच अडली. मला वाटलं होतं दुपार होईल. उचलला नाही.

९.४० सहा फोन. दर वेळी पूर्ण वाजू देतात. तळमळ कळते.

१०.३० अकरा. पॅन्ट साबणात भिजत घातली. हात चालू राहिले की मन शांत राहतं.

११.४५ सतरा फोन. वेळ सत्कारणी लावतोय, अटी लिहून काढल्या. एक: पद मला. दोन: चष्मिशने सर्वांसमोर कबूल करावं की नऊ जागा त्याला ठाऊक नाहीत. तीन: माझ्या सापटीत पंखा.

१२.५० तेवीस. आता फोन थांबले. हरले वाटतं.

२.१० बेल! खिडकीतून बघितलं, चष्मिश आणि सफाईवाल्या मावशी. साहेब स्वतः आले नाहीत, पण ठीक आहे. शर्ट बदलतो. पाच मिनिटं उभे राहू देत.

संध्या. ६.००

दार उघडलं. अटींचा कागद हातात होता.

मावशी मला बघून पायरीवरच बसल्या आणि रडायला लागल्या. मग उठल्या आणि शिव्या दिल्या. क्रम मला कळला नाही. चष्मिशच्या दोन्ही गुडघ्यांवर पॅन्ट फाटलेली, केसांत प्लास्टर, चष्म्याची एक काच तडकलेली.

तो म्हणाला, काका, किल्ली.

कसली किल्ली?

कुलूप लटकत होतं. माझ्या फोटोचं. कालपासून.

सेन्सर ठीक होता. गाडी अडलीच नव्हती, त्यांनी ती सुरूच केली नव्हती. मी आत आहे असं धरून सकाळपासून सगळे मला शोधत होते. फोन लावायचे आणि बाकीच्यांनी अंधारात श्वास रोखून ऐकायचं, रिंग कुठल्या भिंतीमागून येते ते. तेवीस वेळा. मी मोजत होतो तेव्हा ते ऐकत होते.

अपघाताच्या नंबरवर फोन केला तर तोही माझाच. पत्त्यावर गेले तर जुनं घर. शेवटी मावशींना आठवलं की एकदा त्या आमच्या नव्या घरी आल्या होत्या.

चष्मिश चार तास प्रत्येक भोकातून सरपटत होता. गोलामागे माझी खुर्ची सापडली, किटली उपडी पडलेली. तेव्हा तो तिथेच खाली बसला, मावशींनी सांगितलं. त्याने नाही सांगितलं.

किल्ली बादलीतल्या पॅन्टमधून काढून दिली. साबण लागला होता. त्याने शर्टला पुसली. अटींचा कागद मी घडी करून ठेवला. मला लाज वाटली. हे वहीत लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

९ मार्च, सोमवार

साहेब ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. नवा फॉर्म दिला. बायकोचा नंबर लिहिला. तो तिला फोन करून विचारावा लागला.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर नकाशा लागलाय. चष्मिशने काढला, शनिवारच्या शोधावरून. छुप्या जागा लाल रंगात. चौथीवर लिहिलंय 'काकांची खुर्ची'. सहावीवर, मावशींच्या सांगण्यावरून, 'पोछे वाळवणे'. सात वर्षं वाळवतात म्हणे.

सूड म्हणून चुका काढायला उभा राहिलो. तीनदा मोजलं.

अकरा आहेत.

जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या दोन कुठल्या. हसला नाही. चला दाखवतो म्हणाला, पण काका, आधी कुलूप लावा.

लावलं. बाहेर येऊन काढलं. घरी निघताना पेटीपाशी परत जाऊन बघितलं.