खाडीच्या तोंडाशी

पूर्णगड,
गुरुवार

प्रिय दिशा,

पत्र बघून हसशील, बाबा फोन सोडून कागदावर कसा आला म्हणून. फोनवर मला ‘हं’च्या पुढे काही सुचत नाही आणि ठेवल्यावर चरफडत बसतो. परवापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळपासून तीनदा जेटीवर जाऊन आलो. जाळं दुरुस्तीला घेतलं, तर गाठी उलट्या पडल्या. तुझी आई वैतागून म्हणाली, एका जागी बसा, नाहीतर माझ्या समोरून तरी जा.

कपाळाची सूज उतरली का? खरं सांग. तुझ्या सरांनी मला नीट समजावलं. एकटीनं विमान उतरवताना चाकं धावपट्टीवर आपटली आणि विमान पुन्हा उडालं. अशा वेळी इंजिनाला जोर देऊन वर जायचं, फेरी मारून परत उतरायचं, हे तुम्हाला आधीच शिकवलेलं असतं म्हणे. तू मात्र ते दाबून खालीच नेलंस. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. थोडक्यात वाचलीस गो. सर म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण वर का गेली नाही ते सांगत नाही.

मला सांगितलंस. “बाबा, तूच म्हणायचास ना, एकदा बंदराकडे तोंड केलं की फिरायचं नाही.” ऐकलं आणि रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. रेंज होती.

आता ऐक. आनंदाकाकाचा पाय गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. इंजिन बंद पडलं म्हणून होडी वाळूवर आपटली, असं अख्खा गाव समजतो. आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळू भरते, लाट बघून आत शिरावं लागतं. नाही जमलं तर बाहेर वळायचं आणि पुढच्या लाटेची वाट बघायची. त्या दिवशी होडी तिरकी झाली. आनंदा ओरडला, “दादू, फिरव!” पण जेटीवर माणसं उभी होती, आणि केरूची होडी नुकतीच एका दमात आत गेली होती. होडी हाकणारा तांडेल माघारी वळला की चार दिवस त्याची टिंगल होते, तुला माहीत आहे. मी दामटली. इंजिन चांगलं धडधडत होतं.

आनंदानं चौदा वर्षांत अवाक्षर काढलं नाही. मी मात्र त्या चुकीलाच शूरपणा म्हटलं आणि तोच तुला लहानपणापासून पाजला. सांगता सांगता मलाही तो खरा वाटायला लागला. लाज वाटते गो. काल त्याच्याकडे जाऊन तुझं सगळं सांगितलं. तो कुबडी घेऊन उठला, आतून हा कोरा कागद घेऊन आला आणि म्हणाला, “मी गप्प राहिलो ते चाललं. तू राहू नकोस.”

सोमवारी तुला पुन्हा एकटीला सोडणार आहेत, म्हणून हे लिहिलं. रूपेशचा ट्रक तिकडेच निघालाय, त्याच्या हाती देतो. जरा जरी बिनसलं तर वर जा. दहा वेळा फिर, हसणारे हसू देत. सोमवारी मी होडी काढणार नाही. आनंदाच्या पडवीत आम्ही दोघं तुझ्या फोनची वाट बघत बसू. उशीर झाला तर समजू, पोर फिरून येतेय.

तुझाच,
बाबा